बारावी सायन्स, शाळा मराठी माध्यमाची. पायलट झालो तर एटीसीशी, म्हणजे विमानांना सूचना देणाऱ्या टॉवरमधल्या कंट्रोलरशी, इंग्रजीत बोलणं जमेल का? आरटीआरसाठी, म्हणजे विमानाचा रेडिओ वापरायच्या परवान्याच्या परीक्षेसाठी, क्लास लावावा का?

जमेल. न जमायला काय झालं? मी नौपाड्यातल्या मराठी शाळेतून मुंबईच्या टॉवरमध्ये कंट्रोलर म्हणून गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

मध्यंतरी ठाण्यातल्या एका क्लासवाल्यांनी मुलांशी बोलायला बोलावलं. बघतो तर सर मुलांकडून अमेरिकन अ‍ॅक्सेंट घोटून घेतायत. मी मुद्दाम भरभर क्लिअरन्स दिला, म्हणजे टॉवरकडून पायलटला देतात तशी सूचना, 'टर्न राइट हेडिंग टू फोर झिरो, डिसेंड टू फ्लाइट लेव्हल वन थ्री झिरो.' पुढच्या बाकावरच्या मुलाने झोकात रीडबॅक दिला, म्हणजे सूचना परत म्हणून दाखवली, लेव्हल टू फोर झिरो! हेडिंगचा, म्हणजे दिशेचा, आकडा उंचीला चिकटवला आणि सर माना डोलावतायत. मग कळव्याचा एक मुलगा उठला. म्हणाला, 'से अगेन.' पुन्हा ऐकलं आणि एकेक आकडा सुटा करत बरोबर म्हणून दाखवला. तर सर त्यालाच म्हणतात, 'उच्चार गावठी आहेत रे तुझे.'

तिथेच आमचं वाजलं.

अरे, सगळ्यांना बोलायला फ्रिक्वेन्सी एकच असते. दोघांनी एकदम बटण दाबलं की कानात नुसती शिट्टी. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर ऐन मोक्याला तेच झालं. दोन जंबो धावपट्टीवर भिडली, ५८३ माणसं गेली. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी वापरायला एकच. तिथे संध्याकाळच्या गर्दीत कोणी इंग्रजी पाजळत बसला की मागचे सगळे खोळंबतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना इकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, इंग्रजीची लेव्हल फोर लागते. तिच्या निकषांतच आहे की उच्चारावर मातृभाषेची छाप चालेल, समजायला अडचण मात्र कधीमधीच यावी. सरांना हे सांगितलं तर म्हणे, 'पालकांना अ‍ॅक्सेंट लागतो.'

आता, कच्चं इंग्रजी खपतं असा अर्थ काढू नकोस. १९९६ साली हरियाणात चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकून ३४९ जण गेले. कझाक विमान दिलेली १५ हजार फुटांची उंची सोडून खाली आलं होतं आणि चौकशीत त्यांच्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं. इंजिन बंद पडलं, प्रवाशाला हार्ट अटॅक आला, तर रेडिओवरची ठरलेली वाक्यं पुरत नाहीत. साध्या इंग्रजीत सांगता यायलाच हवं.

आरटीआरचा फॉर्म, फी वगैरे हल्ली परीक्षा दिलेली मुलं नीट सांगतील. क्लास हवा तर लाव. पण अ‍ॅक्सेंटचे वेगळे पैसे मागितले, तर चहासुद्धा न घेता जिना उतर.