लिम्फोमाच्या रुग्णाचा हेपॅटायटिस बी टायटर ३.२ आला. लस वाया गेली का?

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं समजलं: बाबा ६१ वर्षांचे, लिम्फोमा (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर), रिटुक्सिमॅब ह्या औषधासह उपचाराच्या सहा सायकल फेब्रुवारीत संपल्या. हेपॅटायटिस बीच्या लशीचे डोस एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये आर्णीला घेतले. डिसेंबरात टायटर, म्हणजे लशीमुळे रक्तात किती अँटिबॉडी झाल्या त्याची मोजणी, केला तर ३.२ आला, आणि रिपोर्टवर १० च्या खाली म्हणजे संरक्षण नाही असं छापलंय. लस नकली होती की लाइन गेल्यामुळे फ्रिजमध्ये खराब झाली, असं तुम्ही विचारलंय.

मी यवतमाळ जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण असे रिपोर्ट माझ्या हातून जातात, आणि माझ्या सासऱ्यांनाही रक्ताचाच कॅन्सर होता, म्हणून सविस्तर लिहिते.

लशीवरचा संशय आधी बाजूला ठेवा. ही लस २ ते ८ अंशांत ठेवतात हे खरं, पण तिला थोड्या वेळच्या उन्हापेक्षा बर्फाचं भय जास्त. कुपी थेट बर्फाला टेकून गोठली, तर ती कामातून जाते. तसं कुठे झालं असेलही, पण बाबांच्या तारखा पाहिल्यावर मला कारण दुसरीकडेच दिसतं.

रिटुक्सिमॅब सीडी२० ही खूण असलेल्या बी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मारतं. कॅन्सर त्याच पेशींचा, म्हणून ते द्यावंच लागतं, पण त्यासोबत निरोगी बी पेशीही जातात. लस टोचल्यावर अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी ह्यांच्यातूनच निपजतात. शेवटच्या सलाइननंतर सहाएक महिने बी पेशी रक्तात जवळपास सापडतच नाहीत, आणि पूर्ववत व्हायला वर्षभर लागू शकतं. एप्रिल-मेचे दोन डोस ही धूळपेरणी झाली. बियाणं चांगलं असेल हो, पण वावरात ओलच नव्हती. कोविडच्या वेळी हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. २०२१ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया ह्या रक्ताच्या कॅन्सरच्या १६७ रुग्णांना फायझरच्या दोन डोसनंतर तपासलं, तर अँटिबॉडी ३९.५ टक्क्यांमध्येच आढळल्या. मागच्या १२ महिन्यांत सीडी२०विरोधी औषध घेतलेल्यांपैकी एकाच्याही रक्तात त्या नव्हत्या.

माझ्या सासऱ्यांना हाच ल्युकेमिया होता. १ मार्च २०२१ ला सहव्याधीवाल्यांचं लसीकरण उघडलं, त्यात रक्ताच्या कॅन्सरचं नाव होतं. मामाजींनी कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतले. महिन्याभरानं मीच त्यांचं रक्त काढलं, नागपूरला पाठवलं, आणि रिपोर्ट आला नॉन-रिअॅक्टिव्ह, म्हणजे अँटिबॉडी सापडल्याच नाहीत. ते पडवीत खाटेवर बसले होते. म्हणाले, "मंग सुई फुकटच गेली म्हना." मी नुसती मान हलवली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ती तपासणी फक्त अँटिबॉडी मोजते. टी पेशींनी (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) लशीची ओळख ठेवली की नाही, हे तिच्यात दिसतच नाही, आणि अँटिबॉडी नसलेल्या अनेक रुग्णांत टी पेशी जाग्या झालेल्या आढळल्या आहेत. त्यासाठी एलिस्पॉटसारखी वेगळी तपासणी लागते, ती आपल्याकडे तालुक्याला होत नाही. कोविडच्या आकड्यात इतक्याच्या वर सुरक्षित अशी पक्की रेघही नव्हती. मे २०२१ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांगितलं होतं की लशीनंतरचं संरक्षण ठरवायला ही तपासणी वापरू नका.

हेपॅटायटिस बीचं मात्र तसं नाही. इथे १० ही रेघ खरी आहे, आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी मोजायचं असतं. तुम्ही वेळेतच मोजलं. म्हणून हा ३.२ मनावर घ्या, पण हताश होऊ नका. ह्यावर दुबार पेरणी आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांना पुन्हा तीन डोस, तेही दुप्पट मात्रेचे, द्यायचे का ते विचारा. त्याआधी सीडी१९ मोजणी (रक्तातल्या बी पेशींची गणती) आणि आयजीजी (अँटिबॉडींचं एकूण प्रमाण) करून बी पेशी परतल्या का ते पाहता येतं. रिटुक्सिमॅब दर दोन महिन्यांनी मेंटेनन्स म्हणून अजून चालू असेल, तर गोष्टच वेगळी, ते आधी सांगा.

उलटाही घोळ होतो. मायलोमाच्या (हाही रक्ताचाच कॅन्सर) एका बाईंचा टायटर ८० च्या वर आला, घरचे खूश. मी विचारलं तेव्हा कळलं, तीन आठवड्यांपूर्वी त्यांना आयव्हीआयजी चढवलं होतं. त्या अँटिबॉडी दुसऱ्यांच्या रक्तातल्या, उसन्या. काही महिन्यांत ओसरणार. रक्त किंवा प्लाझ्मा चढवल्यावरही असा भास होऊ शकतो.

आणि एक गोष्ट टायटरपेक्षाही महत्त्वाची. रिटुक्सिमॅबमुळे शरीरात दबून असलेला हेपॅटायटिस बी पुन्हा उसळू शकतो, कधी औषध संपल्यावर काही महिन्यांनीही. म्हणून ते सुरू करण्याआधी एचबीएसएजी (विषाणू आत्ता शरीरात आहे का) आणि कोअर अँटिबॉडी (पूर्वी लागण झाली होती का) दोन्ही तपासतात. बाबांच्या फायलीत हे दोन्ही रिपोर्ट आज रात्रीच शोधा. सापडले नाहीत तर लशीचा विचार नंतर, आधी ही तपासणी. कोअर पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टर एन्टेकाव्हिरसारखी गोळी देतात, ती मनानं बंद करायची नसते.

हा आजार रक्तातून पसरतो, म्हणून तोवर बाबांची दाढी घरीच, त्यांच्या स्वतःच्या ब्लेडनं. घरातल्या सगळ्यांनी हेपॅटायटिस बी आणि फ्लूची लस घ्या.

पुढच्या वेळी रक्त द्याल तेव्हा चिठ्ठीवर तीन तारखा लिहून न्या: रिटुक्सिमॅबची शेवटची सलाइन, लशीचा शेवटचा डोस, आणि रक्त किंवा आयव्हीआयजी चढवलं असेल तर ती. आम्ही विचारलं नाही तरी सांगा.