मूल पळवून मारलं गेलं की आजूबाजूची माणसं कशी वागतात?

प्रश्न असा आहे: "एखाद्या गावात किंवा शहरात लहान मुलाचं अपहरण होऊन त्याचा जीव गेला, तर तिथल्या लोकांचं वागणं बदलतं का? असं काही तुम्ही जवळून पाहिलंय का?"

पाहिलंय. मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेत वाढले. 1996 साली मी सातवीत होते. त्या नोव्हेंबरात गावित मायलेकींना अटक झाली आणि पुढचे कित्येक महिने आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता.

नव्या पिढीला हे प्रकरण ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. धंदा पाकीटमारीचा आणि गळ्यातलं ओढून पळण्याचा, तोही जत्रेत, देवळात, बसस्टँडवर. कडेवर मूल असलं की बाईवर कुणी संशय घेत नाही, आणि पकडली गेली तरी लोक सोडून देतात, हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्या मुलं पळवायच्या, चोऱ्या करताना सोबत वागवायच्या आणि नकोसं झालं की संपवायच्या. 1990 ते 1996, सहा वर्षं हे चाललं. आरोप 13 मुलं पळवल्याचा आणि त्यातली 9 मारल्याचा होता, शेवटी 5 खून सिद्ध झाले. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात मेली. दोघी बहिणींना 2001 साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली.

आता आमच्या गल्लीबद्दल.

सकाळी 'पुढारी' आला की आजोबा मोठ्याने वाचायचे आणि आजी मध्येच म्हणायची, "पुरे, पोरी ऐकत्यात." आम्ही ऐकतच असायचो. तोवर संध्याकाळी दिवे लागल्यावर हाका मारून मारून आम्हाला घरात घ्यावं लागायचं. आता पाचलाच दाराला कडी. धाकट्या भावाच्या चड्डीच्या खिशात आईने नाव-पत्त्याची चिठ्ठी घातली, ती दर धुण्याला लगदा व्हायची आणि आई पुन्हा नवी लिहायची. रिक्षावाले काका शाळा सुटल्यावर पोरं मोजून बसवायला लागले, आणि एकदा आठाऐवजी सातच भरली तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आठवा मुलगा सीटखाली बोरं शोधत होता. पोर जेवेना झालं की आधी बागुलबुवा यायचा, आता "अंजनाबाई येईल हं" सुरू झालं. आम्ही मुलीसुद्धा तो खेळ खेळायचो. एक अंजनाबाई, बाकीच्या पोरं. आज लिहितानाही विचित्र वाटतं.

इथवरचं कुठल्याही गावात होईल. पुढचं मात्र मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे एक बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची आणि स्टीलचे डबे, पातेली द्यायची. आजीची आणि तिची घासाघीस म्हणजे तासाभराचा कार्यक्रम. आजीची एक जरीची साडी दोन वर्षं डब्याच्या झाकणावरून अडली होती. त्या डिसेंबरात ती आली तेव्हा डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल होतं, तीनेक वर्षांचं. पहिल्याच वाड्याच्या दारात तिला चौघी-पाचजणींनी अडवलं. रोज ओट्यावर बसून शेंगा फोडणाऱ्या, आम्हाला हातावर खाऊ ठेवणाऱ्या बायका.

"कुणाचं गं पोरगं हे?"

"माजंच की."

"मागं आलीस तवा न्हवतं."

"तवा सासूकडं ठेवलं हुतं."

मग एकीने वाकून त्या पोरालाच विचारलं, "बाळ, ही तुझी आई हाय का?" पोर गप्प. तीन वर्षांच्या मुलाकडे पाच अनोळखी बायका वाकून बघताहेत, ते काय बोलणार? त्याने पदरात तोंड खुपसलं. "बोलंना बघ," कुणीतरी म्हणालं, आणि ते शब्द ऐकताच सगळ्याजणी अर्धं पाऊल पुढे सरकल्या. ते अर्धं पाऊल मला अजून दिसतं. त्या बाईने पाटी खाली ठेवली, कारण पोर दोन्ही हातांनी धरायचं होतं. पाटीतले डबे कलंडले. तेवढ्यात आमची आजी खाली उतरली. "आठ वरसं झाली येतीया ती माझ्याकडं. सोडा तिला," एवढंच म्हणाली. बायका बाजूला झाल्या. एकीने वाकून डबेही गोळा करून दिले.

ती बोहारीण आमच्या गल्लीत पुन्हा कधी आली नाही.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, खटल्याची हकिकत मोठेपणी वाचली तेव्हा. अगदी सुरुवातीच्या काळात गावित मायलेकी आमच्याच अंबाबाईच्या देवळात होत्या. सीमाने कुणाची तरी पर्स मारायचा प्रयत्न केला आणि ती पकडली गेली. लोक जमले. अंजनाबाईने हातातलं मूल जमिनीवर आपटलं. अगदी लहान मूल, भीक मागणाऱ्या एका बाईचं, पळवून आणलेलं. त्याला रक्त आलं, लोक हळहळले, त्यांचं लक्ष पोराकडे गेलं आणि त्या निसटल्या. त्या मुलाला पुढे मारून टाकलं.

म्हणजे गर्दी तेव्हाही होती. ज्यांना धरायला हवं त्या बायका गर्दीच्या मधोमध उभ्या होत्या आणि गर्दीला त्यांची दया आली. सहा वर्षांनी तशाच गर्दीतल्या पाचजणींनी एका बोहारणीला घेरलं. मधल्या सहा वर्षांत मुलं नाहीशी होत होती, तेव्हा आमच्या पेठेत एकाही दाराला पाचला कडी लागली नाही. बरीचशी मुलं बसस्टँडवर, देवळाबाहेर, फुटपाथवर राहणाऱ्यांची होती. त्यांच्या आया रडल्या असतील, चौकीवरही गेल्या असतील. आमच्यापर्यंत काही आलं नाही. भीती आमच्या घरात शिरली तेव्हा त्या तिघी कोठडीत होत्या.

मग पकडल्या कुणी? अंजनाबाईच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. त्या दुसऱ्या बायकोची थोरली मुलगी नाहीशी झाली. त्या आईला संशय आला, तिने नाशिकच्या पोलिसांत तक्रार केली आणि ती मागे हटली नाही. या बायका तिच्या धाकट्या मुलीवर टपून पुन्हा आल्या आणि सापडल्या. आमच्या शहरातल्या चर्चेत या बाईचं नाव मी फारसं ऐकलं नाही. कोल्हापूरकर अजूनही "आपल्या पोलिसांनी" आणि "आपल्या कोर्टाने" असं सांगतात. कोर्ट आपलं होतं, ते खरं.

आता 2018 कडे येते, कारण प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर तिथे आहे.

तोवर मी पुण्यात, मुलगी पाच वर्षांची. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दोघे मोटारसायकलवरून येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि पळतात. खाली मजकूर, "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे." मी तो तीन ग्रुपवर पुढे ढकलला. विचार करायला दहा सेकंदही घेतले नाहीत. तो व्हिडिओ मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीचा होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावध राहा अशी पाटी दाखवतात. तेवढा भाग कापून बाकीचा देशभर फिरला.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं छोटं गाव आहे, तिथला आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, त्यातली चौघं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. भिक्षुकी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, पिंपळनेरजवळ पालं ठोकून राहिली होती. त्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला. एवढंच निमित्त झालं. बाजारातल्या लोकांनी पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मारून टाकलं. फरशीवरचं रक्त आणि त्यावरून फिरणाऱ्या चपला, ते फोटो मी पाहिले आणि मला आमच्या गल्लीतलं ते अर्धं पाऊल आठवलं. आजी खाली उतरली नसती तर काय झालं असतं, हे 22 वर्षांत पहिल्यांदा मनात आलं.

त्या भागातून कुठलंही मूल पळवलं गेलेलं नव्हतं. साडेपाच वर्षांनी, 2024 साली, सातजणांना जन्मठेप झाली. बाजारात त्या दिवशी किती माणसं होती ते मारहाणीच्या व्हिडिओत दिसतं. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हिंसेबद्दल राज्यांना निर्देश दिले. तरी 2022 च्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्याला उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना पट्ट्यांनी आणि काठ्यांनी मारहाण झालीच. पंढरपूरला निघाले होते, एका मुलाला रस्ता विचारला. नशीब, जिवानिशी वाचले.

तेव्हा "लोकांचं वागणं बदलतं का?" याचं माझं उत्तर: बदलतं, आणि पहिला फटका बसतो तो ज्याला गल्लीत घर नाही त्याला. बोहारीण, गोसावी, डोंबारी, फुगेवाला. पाठीशी "आठ वरसं येतीया ती" म्हणणारं कुणी असेल तर सुटतो. गावित बायका मात्र गरीब पण नीटनेटक्या, लेकुरवाळ्या दिसायच्या. कडेवरचं पोर कुणाचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

लोकांनी करायचं ते अगदीच कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी करत नाही. 10 मे 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अल्पवयीन मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि ते पळवलं गेलंय असंच आधी धरायचं. "बघा आजूबाजूला, येईल संध्याकाळपर्यंत" असं म्हणून परत पाठवायचं नाही. शेजारच्या झोपडीतल्या बाईचं मूल दिसत नसेल तर तिच्याबरोबर ठाण्यात जाऊन प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत हातात मिळेपर्यंत बाकावर बसणं, हा मला माहीत असलेला समाजाचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. मेणबत्ती मोर्चापेक्षा कितीतरी अवघड, कारण त्यात अर्धा दिवस जातो आणि फोटो निघत नाही. एकट्या-दुकट्या मुलाबद्दल शंका आली तर 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस) लावा. गर्दी जमवू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

गावित बहिणींच्या फाशीचं काय झालं, हे कुणीतरी विचारेलच. सर्वोच्च न्यायालयाने 2006 ला ती कायम केली, राष्ट्रपतींनी 2014 ला दयेचा अर्ज फेटाळला. पण त्या अर्जावर निर्णय व्हायला सरकारी दफ्तरात जवळजवळ आठ वर्षं गेली होती, म्हणून जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. त्या दिवशी आमच्या माहेरच्या ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी बहीण, जिने आयुष्यात मुंगी मारली नाही, तिने सगळ्यात वाईट लिहिलं. मला तिचा राग आला नाही. तिचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता.

गेल्या वर्षी नवरात्रात कोल्हापूरला गेले होते. महाद्वार रोडला मुंगी शिरायला जागा नाही एवढी गर्दी. समोरून एक बाई, विटकं लुगडं, कडेवर चारेक वर्षांची पोरगी आणि ती पोरगी ऊर फुटेस्तोवर रडतेय, बाईच्या हातातून निसटायला बघतेय. मी वर एवढं सगळं लिहिलंय ना? तरी मी तिच्या वाटेत उभी राहिले, आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"कुणाचं हो पोरगं हे?"

बाईने माझ्याकडे नखशिखांत बघितलं. मग पोरीचा पाय उचलून माझ्यासमोर धरला. एका पायात लाल चप्पल होती, दुसरा अनवाणी.

"चप्पल हरवलीया तिची. बघितलीसा कुठं?"

आम्ही दोघींनी मिळून शोधली. सापडली नाही.