फाट्यावर उतरलेली जेन

प्रश्न : बाई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी वाङ्मय घेतलंय. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' ही कादंबरी वाचतेय, पण प्रवासाची आणि माळरानांची वर्णनं आली की मी सरळ पानं उलटते. ती गाळली तर चालेल का? आणि नागपूरबाहेर फारसं न गेलेल्या आम्ही इंग्लंडातली ती ठिकाणं डोळ्यांपुढे आणायची तरी कशी?
– एक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : गाळू नकोस. गोष्ट कळेल, पण जेन कळणार नाही. उलटलेल्या पानांत अठ्ठाविसावं प्रकरण गेलं असेल, तर आज रात्रीच ते परत उघड.

जेन जिथे मास्तरीण आहे तो थॉर्नफील्डचा वाडा ती पहाटे कुणाला न सांगता सोडते. रस्त्यावर घोडागाडी भेटते. गाडी जिथे चाललीय तिथलं भाडं तीस शिलिंग आणि जेनजवळ सगळे मिळून वीस. गाडीवान म्हणतो, बघू, भागवू तेवढ्यात. दोन दिवसांनी, उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी, तो तिला उतरवून देतो. दिलेल्या पैशांत याच्या पुढे नेता येत नाही. जागेचं नाव व्हिटक्रॉस. गाव नाही, वाडीसुद्धा नाही. चार रस्ते मिळतात तिथे चुना फासलेला एक दगडी खांब, त्याला चार हात. सगळ्यांत जवळचं गाव दहा मैलांवर. गाडी मैलभर पुढे गेल्यावर तिच्या लक्षात येतं की आपलं गाठोडं गाडीतच राहिलं.

या जागेला आपल्याकडे शब्द आहे. फाटा.

मी आठवीत होते. मे महिना. वडील आणि मी नागपुरातल्या बर्डीहून काटोलकडच्या बसमध्ये बसलो. वडिलांनी खिशातली नाणी तळहातावर घेतली, दोनदा मोजली आणि आमच्या गावाच्या अलीकडच्या फाट्यापर्यंतचीच तिकिटं काढली. उतरलो तिथे बाभळीखाली एक रांजण होता, कोरडा. संत्र्याच्या बागांच्या कुंपणाकडेनं आम्ही चार मैल चाललो. वडील वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पुढे एम.ए.च्या वर्गात व्हिटक्रॉस आलं, तेव्हा मला खांब दिसायच्या आधी तो तळहात दिसला.

म्हणून तुला सांगते, व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या, कादंबरीत कुणी निघालं की आधी भाडं बघ. ते कोण देतंय, किती देतंय आणि कुठवर पुरतंय. जेनचा मास्तरणीचा पगार वर्षाला तीस पौंड. वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे बारा दिवसांची कमाई त्या गाडीवानाच्या हातात गेली आणि बदल्यात मिळाला एक फाटा. हे ध्यानात ठेवलंस की पुढचं माळाचं वर्णन शोभेचं वाटणार नाही. रात्र कुठे काढायची म्हणून ती जमिनीवरच्या झुडपांना हात लावून बघते, तर ती कोरडी आहेत आणि दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट आहेत. रात्री गच्चीवर अंथरूण टाकताना फरशीला हात लावून बघणाऱ्या नागपूरकराला हे काय समजावून सांगायचं! पुढे ती एका पावासाठी आपला रुमाल, हातमोजे द्यायला निघते, तरी पाव मिळत नाही. शेवटी डुकरापुढे टाकायला नेलेली गार लापशी खाते.

आता म्हणशील, तेव्हा रेल्वे नव्हती का? रेल्वे आली. १८४४ च्या कायद्यानं तर कंपन्यांवर सक्ती केली की रोज निदान एक गाडी अशी सोडा, जिच्यात मैलाला एक पेनी देऊन गरिबाला छपराखाली बसून जाता येईल. तरी थॉमस हार्डीची १८९१ मधली 'टेस' वाच. गवळीवाड्यावर काम करणारी टेस आणि पुढे तिचा नवरा होणारा एंजल दुधाचे कॅन गाडीत घालून स्टेशनवर पोचवतात. ते दूध दुसऱ्या दिवशी लंडनची माणसं सकाळी पितात. दूध रेल्वेनं जातं, टेस पायी. सासू-सासऱ्यांना भेटायला ती पंधरा मैल चालते, आणि परतीचे आणखी पंधरा. बर्डीहून बुटीबोरी जवळजवळ गाठली म्हणायची, तीही डिसेंबरच्या थंडीत. गाव जवळ आल्यावर चालायचे जाड बूट कुंपणात लपवते, चांगले पातळ बूट घालते. घरी कुणी नसतं. मागे फिरते तर ते लपवलेले बूट तिच्या दिरांच्या हाती लागलेले असतात आणि कुण्या भटक्याचे म्हणून त्यांची वासलात लावली जाते. टेस एक अक्षर बोलत नाही, सासऱ्यांना न भेटताच परत फिरते. तिचं पुढचं सगळं वाटोळं मला त्या बुटांपासून सुरू झालेलं दिसतं.

न पाहिलेल्या ठिकाणांचं म्हणशील तर त्याची धास्ती घेऊ नकोस. नागपूरच्या झीरो माइलच्या खांबावर मध्य प्रदेशातल्या सिवनीचं नाव कोरलंय ना, 'जंगल बुक' त्याच सिवनीच्या डोंगरांतलं. रुडयार्ड किपलिंगनं ते अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिलं, छापून आलं १८९४ मध्ये. सिवनीला तो कधी गेलेला नव्हता. स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं सिवनीच्या जंगलावरचं १८७७ चं पुस्तक त्याच्या हाताशी होतं. तिथलं जंगल त्याच्यापेक्षा तुझ्या-माझ्या जास्त ओळखीचं आहे. दुसऱ्या भागात एक दुष्काळ आहे, वैनगंगा आटते. त्याची एक खूण तो काय देतो? भालू नावाच्या अस्वलाला आवडणारा मोह त्या वर्षी फुललाच नाही. आपल्या भागातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. लंडनच्या वाचकानं मोह कधी पाहिला नव्हता, तरी तो वाचत राहिला. जेनला माळावर बिल्बेरी सापडतात, काळ्या मण्यांसारख्या चमकणाऱ्या. तू करवंदं समज आणि पुढे वाच.

अठ्ठाविसावं प्रकरण झालं की मला कळव. 'टेस'ची माझी प्रत जुनी आहे, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, पण वाचता येते. संपादकांकडे ठेवते, येऊन घेऊन जा.