वृद्धाश्रमात राहणाऱ्या आजीला शेवटच्या दिवसांत हॉस्पिस सेवा तिथेच मिळेल का?
मिळू शकते. हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांत त्रास कमी करणारी काळजी, त्यासाठी वेगळी इमारतच हवी असं नाही. घरी येणारी पॅलिएटिव्ह टीम, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारे डॉक्टर-नर्स, वृद्धाश्रमातल्या खाटेपाशीही येऊ शकते. आधी आश्रमाची परवानगी घ्या आणि रात्री औषध कोण देणार हे स्पष्ट विचारा. गाडं तिथेच अडतं.

माझ्या आत्याच्या वेळी तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनच्या गोळ्या बघून आश्रमातल्या मावशी घाबरल्या, 'सवय लागेल हो!' मग नर्सताईंनी वहीत वेळा लिहून दिल्या, दर चार तासांनी, आणि जोडीला पोट साफ होण्याचं औषध. ते विसरलात तर दुखण्यापेक्षा बद्धकोष्ठच जास्त छळतं.

आजींना कॅन्सर असेल आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलची फाइल असेल, तर परळला त्यांच्या पॅलिएटिव्ह विभागात होम केअरबद्दल विचारा. भरतीच करायची झाली तर वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे. १९८६ पासूनचं, मोफत, पण फक्त कॅन्सरच्या रुग्णांसाठी.

आजी शुद्धीत असतील तर व्हेंटिलेटर नको वगैरे इच्छा आत्ताच लिहून घ्या. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. नाहीतर रात्री धाप लागली की आश्रमवाले थेट ॲम्ब्युलन्स बोलावतात.