हिवाळ्यात नीट चालणारी विमानाची मोटर मे महिन्यात का तापते?

तुमचं रिमोटवर उडणारं थर्मोकोलचं विमान डिसेंबरात छान उडत होतं आणि आता परभणीच्या उन्हात उतरल्यावर मोटरला बोट टेकवत नाही, म्हणून मोठी मोटर घ्यावी का, असं विचारलंय. एवढ्यात घेऊ नका.

समजा, मोटर बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापते. थंडीत सकाळी हवा १५ अंश, म्हणजे मोटर ६०. आता दुपारी हवा ४३, म्हणजे मोटर ८८. बिघाड कसलाच नाही, तरी मोटर धोक्यात! साध्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. त्यापुढे तापून गेलेली ताकद थंड झाल्यावरही पूर्ण परत येत नाही. चुंबक ढिले पडले की तेवढ्याच कामाला मोटर जास्त करंट ओढते आणि आणखी तापते. शेतातली मोटर जळाली तर भरून आणता येते. ही एवढीशी मोटर सहसा कोणी भरून देत नाही.

करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांमधली, उष्णता चौपट होते. म्हणून पहिला हात प्रोपेलरला घाला. १०×५ (व्यास १० इंच, एका फेरीत पुढे सरकायचं अंतर ५ इंच) असेल तर ९×५ लावा. फेऱ्या थोड्या वाढतील, तरी मोटरवरचा भार बराच उतरेल. बॅटरी आणि ईएससीच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सर्किटच्या) मध्ये करंट दाखवणारा वॉटमीटर लावा, विमान घट्ट धरून काही सेकंदच पूर्ण थ्रॉटल द्या आणि आकडा मोटरच्या कमाल करंटशी ताडून बघा. तीन सेलच्या जागी चार सेलची बॅटरी लावून प्रोपेलर तोच ठेवला असेल, तर दुखणं तिथेच आहे: करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो.

मग हवेची वाट. नाकाला भोकं सगळेच पाडतात, पण हवा बाहेर कुठून जाणार? मागचं भोक पुढच्यापेक्षा मोठं हवं, शक्यतो दुप्पट.

उतरल्यावर लगेच दुसरी बॅटरी लावू नका. प्रोपेलर थांबला की वारा बंद होतो आणि आतल्या तारांची उष्णता चुंबकांपर्यंत पोचत राहते. विमान गाडीच्या डिकीत न टाकता सावलीत, वाऱ्याकडे नाक करून ठेवा. मातीतले लोखंडी कण चुंबकाला चिकटतात, तेही ब्रशने काढत जा. आणि या दिवसांत सकाळी आठच्या आत उडवून घ्या.

एवढं करूनही मोटर तापलीच, तर मोठी घ्या, पण कमी केव्हीची (केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे). जास्त केव्हीची घेऊन तोच प्रोपेलर लावला तर करंट उलट वाढेल.