वाचकांचे प्रश्न: विमानतळांच्या नियमांची मुदत संपते तेव्हा

प्रश्न: ऑस्ट्रेलियात विमानतळांच्या नियमावल्यांची मुदत संपत आली की सरकार अभिप्राय मागवतं. कुणी काहीच केलं नाही, तर जुनेच नियम पुढे चालू राहतात ना?

उत्तर: नाही, ते बाद होतात. तिथल्या लेजिस्लेशन अ‍ॅक्ट २००३ प्रमाणे नियमावलीच्या नोंदणीला दहा वर्षं झाली की त्यानंतर येणाऱ्या पहिल्या १ एप्रिलला किंवा १ ऑक्टोबरला ती संपते. मध्ये कितीही दुरुस्त्या झाल्या तरी घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. ‘परवाच तर दुरुस्ती झाली’ म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

नियम हवे असतील तर नवी नियमावली करून नोंदवावी लागते आणि नोंदणीनंतर संसदेच्या कामकाजाच्या ६ दिवसांच्या आत दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावी लागते. तिथून पुढे कामकाजाच्या १५ दिवसांत कुणीही सदस्य ती नामंजूर करण्याच्या प्रस्तावाची सूचना देऊ शकतो. काम वेळेत होणार नसेल तर अ‍ॅटर्नी जनरल (सरकारमधले कायदेविषयक मंत्री) मुदत पुढे ढकलू शकतात. एकाच विषयाच्या अनेक नियमावल्यांचा एकत्र आढावा घ्यायचा असेल, तर त्यांच्या तारखाही जुळवून घेता येतात. एअरपोर्ट्स अ‍ॅक्ट १९९६ खाली हवाई क्षेत्र, बांधकाम, पर्यावरण अशा वेगवेगळ्या नियमावल्या झाल्या; त्या सुट्या सुट्या तपासण्यात फारसा अर्थ नाही.

प्रश्न: मग उड्डाण-सुरक्षेचे नियमही असेच संपतात?

उत्तर: नाही. सिव्हिल एव्हिएशन सेफ्टी रेग्युलेशन्स १९९८ या तरतुदीतून वगळलेले आहेत. सिडनीची रात्री ११ ते सकाळी ६ ची उड्डाणबंदी १९९५ च्या खास कायद्यात आहे, आणि संसदेच्या कायद्याला ही दहा वर्षांची अट नाही.

प्रश्न: विमानतळाजवळ आमचं बांधकाम चालू आहे. क्रेनची परवानगी जुन्या नियमांखालची आहे. नवे नियम आले तर?

उत्तर: नव्या नियमावलीत ‘संक्रमणकालीन तरतुदी’ असतात, म्हणजे जुन्या नियमांकडून नव्यांकडे जाताना काय लागू होईल ते सांगणारी कलमं; त्या बहुतेक शेवटी असतात, पण वाचायच्या सगळ्यात आधी. तीन गोष्टी बघा: दिलेली परवानगी तिच्या अटींसकट चालू राहते का, निर्णय व्हायचा असलेला अर्ज कोणत्या नियमांखाली निकाली निघणार, आणि अटींत नंतर बदल हवा असेल तर तो कुणाकडे मागायचा. कंत्राटात जुन्या नियमाचं नाव आणि क्रमांक छापलेला असेल तर तो मजकूर दुरुस्त करून घ्या. खाजगी करार आपोआप बदलेल असं धरून चालू नका.

अभिप्राय पाठवताना ‘प्रक्रिया किचकट आहे’ एवढंच लिहून काही हाती लागत नाही. नियम क्रमांक द्या, अडचण कुठे येते ते लिहा. उदाहरणार्थ, १९९६ च्या हवाई क्षेत्र नियमावलीत काम सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी विमानतळ-चालकाकडे अर्ज करायचा होता. अनेकदा अर्जात फक्त इमारतीची उंची जाते, तीही जमिनीपासून. मोजायचं असतं ते क्रेनचं सर्वात उंच टोक, समुद्रसपाटीवर आधारित ‘एएचडी’ पातळीपासून. इमारत मर्यादेत बसते, क्रेनचा हात बसत नाही, आणि अर्ज परत येतो. अर्जाच्या नमुन्यात इमारतीची आणि क्रेनची अशा दोन उंचींसाठी वेगळे रकाने मागणं, ही एका वाक्याची सूचना मसुदा लिहिणाऱ्याला लगेच वापरता येते.