पीएचपी ७.४ वरून ८.४ वर जाताना: नवीन काय मिळतं आणि आधी काय तपासायचं

तुम्ही विचारलंय की दुकानाची साइट पीएचपी (साइटचा कोड ज्या भाषेत लिहिलाय ती) ७.४ वर नीट चालतेय, होस्टिंगवाले ८.४ वर या म्हणून मागे लागलेत, तर चांगल्या चाललेल्या कोडला हात लावण्याइतकं त्यात नवीन काय आहे?

माझ्याकडे अशा जुन्या साइट्सच्या देखभालीची कामं नेहमी येतात. माझं स्पष्ट मत: जा, पण नव्या सोयींकडे नंतर बघा. ८.० मध्ये भाषेचं जे वागणं बदललं, ते आधी समजून घ्या. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ लाच थांबलं. ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर अशा आवृत्तीवर ठेवणं मला पटत नाही.

सगळ्यात जपून बघायचा बदल म्हणजे == (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते बघणारं चिन्ह) ची तुलना. ७.४ मध्ये आकडा आणि मजकूर समोरासमोर आले की मजकुराचा आकडा केला जायचा. त्यामुळे शून्य == 'पुणे' हे चक्क खरं ठरायचं. ८.० पासून (नोव्हेंबर २०२०) ते खोटं ठरतं, आणि तेच बरोबर आहे. पण आता तुमचा ऑर्डरचा फॉर्म घ्या. नग किती, हा रकाना ग्राहकाने रिकामा सोडला की सर्व्हरकडे रिकामी स्ट्रिंग (म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर) येते. कोडमध्ये 'नग == शून्य असेल तर किमान एक नग निवडा असं सांग' अशी अट असेल, तर ७.४ वर ती लागू व्हायची, कारण रिकामी स्ट्रिंग शून्याइतकीच धरली जायची. ८ वर ती अट खोटी ठरते आणि रिकामी ऑर्डर पुढे सरकते. एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. म्हणून फॉर्ममधून आलेला आकडा आधी इंटमध्ये (पूर्णांकात) बदलून घ्या आणि मगच तुलना करा. ही एक गोष्ट सगळ्या कोडभर शोधा, तिच्यावर दिवस गेला तरी चालेल.

बाकीचे बदल निदान ओरडून सांगतात. नल (म्हणजे 'काहीच नाही') दिलं तर घटक मोजणारं काउंट आता वॉर्निंगवर न थांबता टाइप एरर फेकतं. अ‍ॅरेमध्ये (यादीत) नसलेली 'की' (नोंदीची खूण) वाचली की आधी नोटीस यायची, आता वॉर्निंग येते. ईच आणि क्रिएट_फंक्शन ही जुनी फंक्शन्स काढूनच टाकली आहेत. ८.२ पासून, क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) जाहीर न केलेली प्रॉपर्टी (त्यातला माहितीचा रकाना) ऐनवेळी जोडली की डेप्रिकेटेडचा, म्हणजे 'हे पुढे बंद होणार' असा, इशारा मिळतो.

आता सोयी. रोजच्या कामात मला सर्वांत उपयोगी वाटतो तो मॅच (अनेक पर्यायांतून जुळणारा एक निवडणारी रचना). स्विचसारखाच, पण तुलना === ने (टाइपही जुळतो का ते बघून) करतो, ब्रेक विसरायची भीती नाही, आणि कुठलीच शाखा जुळली नाही तर गप्प न बसता एरर देतो. ८.१ मधल्या इनमसोबत (ठरावीक पर्यायांची यादी) तो फारच छान बसतो: ऑर्डरची स्थिती 'नवी', 'पाठवली', 'रद्द' याच तिघांपैकी असणार हे भाषाच सांभाळते, स्पेलिंग चुकून चौथी स्थिती तयार होत नाही. $ग्राहक?->पत्ता?->शहर असं लिहिलं की मधलं काही नल असलं तरी कोड कोसळत नाही, उत्तर नल येतं. कन्स्ट्रक्टर प्रमोशनमुळे (प्रॉपर्टी थेट कन्स्ट्रक्टरमध्येच जाहीर करणं) क्लासच्या सुरुवातीची तीच ती टायपिंग वाचते. ८.४ मध्ये प्रॉपर्टी हुक्स आले, म्हणजे गेटर-सेटर (प्रॉपर्टी वाचायची आणि बदलायची फंक्शन्स) वेगळे न लिहिता प्रॉपर्टीवरच नियम लावता येतो. जेआयटीची (कोड चालतानाच मशीनच्या भाषेत बदलायची सोय) जाहिरात खूप झाली, पण दुकानाच्या साइटचा बराचसा वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जातो, तिथे त्याने विशेष फरक पडत नाही.

साइट मराठीत असेल तर ८.४ मधली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 'मराठी' या शब्दाची लांबी स्ट्रलेन १५ सांगतं, कारण ते बाइट मोजतं. एमबी_स्ट्रलेन ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी धरली जाते. आपण वाचतो ती अक्षरं तीनच, आणि ग्राफीम_स्ट्रलेन ३ सांगतं. वस्तूंची नावं एमबी_सबस्ट्रने कापली की वेलांटी गळते: पहिली चार मागितली तर 'मराठ' मिळतं. ग्राफीम_सबस्ट्र पूर्वीपासून आहे, ८.४ ने त्याच्या जोडीला ग्राफीम_स्ट्र_स्प्लिट दिलं. ते म, रा, ठी असे नीट तुकडे करतं. होस्टिंगवर ही ग्राफीमची फंक्शन्स देणारं इंटल एक्स्टेन्शन चालू आहे ना, तेवढं बघून घ्या.

प्रत्यक्ष बदलताना साइटची प्रत सबडोमेनवर ठेवा, तिथे ८.४ निवडा, सगळे एरर लॉगमध्ये येऊ द्या आणि एक पूर्ण ऑर्डर करून बघा, रिकाम्या रकान्यांसकट. पीएचपीस्टॅन या साधनाने कोड तपासला तर टाइपच्या बऱ्याच चुका साइट न चालवताच सापडतात, आणि नव्या पद्धतीने लिहायचे बदल रेक्टर हे दुसरं साधन बऱ्याच अंशी आपोआप करून देतं. रेक्टरने केलेला प्रत्येक बदल मात्र गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) डोळ्यांखालून घाला. मूळ साइटवर बदल रात्री, ऑर्डर कमी असताना करा, आणि ७.४ वर परतायची सोय आठवडाभर तरी राहू द्या.